दिवसभर कडक, रात्री बिस्किटं

पत्राचा गोषवारा: लिहिणाऱ्या वाचक ४१ वर्षांच्या आहेत, नोकरी करतात, घरात दोन मुलं. चार महिन्यांत सहा किलो वजन उतरलं, पण गेले दोन महिने काटा जागचा हलत नाही. मोबाइलमधल्या अ‍ॅपवर त्यांनी दिवसाला १,२०० कॅलरींची मर्यादा घालून घेतली आहे. सकाळी बिनसाखरेची कॉफी, अकराला एक सफरचंद, दुपारी डबाभर कच्च्या भाज्या आणि वाटीभर दही, त्यानंतर रात्रीपर्यंत काही नाही. रात्रीच्या जेवणात मात्र दोनदा-तीनदा वाढून घेतलं जातं, मुलांच्या ताटात उरलेलंही पोटात जातं. सगळे झोपले की स्वयंपाकघरात उभ्या उभ्या बिस्किटं, चॉकलेट, जे हाताला लागेल ते. पाकिटाचा आवाज होऊ नये म्हणून कडा अलगद उघडायची, उरलेलं घडी घालून डब्याच्या तळाशी सारायचं. सकाळी स्वतःचाच राग येतो आणि त्या दिवशी आणखी कमी खायचं ठरतं. त्या विचारतात: ‘दिवसभर मी अगदी नीट असते, रात्रीच बिघडतं. माझ्या जिभेला लगाम नाही. साखर कायमची बंद करू का? आणि ताटात किती घ्यावं हे या वयातही मला का कळत नाही?’ नवऱ्याचं ‘तुला हे चालतं का?’ ऐकलं की डोकं फिरतं, असंही शेवटी लिहिलं आहे.

उत्तर:

दिवसभर तुम्ही नीट असता आणि रात्री बिघडतं, असं तुमचं म्हणणं. मला उलटं वाटतं. बिघडतं ते दिवसा. रात्री त्याची वसुली होते.

सकाळपासून रात्रीच्या जेवणापर्यंत तुमच्या पोटात काय जातं ते मांडून पाहू. कॉफी जवळजवळ सोडूनच द्या. एक सफरचंद, कच्च्या भाज्या, वाटीभर दही. सढळ हाताने मोजलं तरी चारशे कॅलरींच्या पलीकडे जाणं कठीण, आणि त्यात प्रथिनं म्हणावीत तर दह्यातली तेवढीच. एवढ्यावर ऑफिस, प्रवास, मुलांचा अभ्यास. रात्री ताटावर बसणारी बाई हावरट नसते हो, उपाशी असते. आणि उपाशी माणसाला ‘किती वाढू?’ असं विचारलं तर तो ‘वाढा अजून’ असंच म्हणणार.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला. युद्धात लढायला तत्त्वतः नकार दिलेले ३६ निरोगी तरुण स्वखुशीने त्यात आले. २४ आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं. त्यांचं चालणं भरपूर होतं आणि मुळात अंगावर चरबी कमी, त्यामुळे तुमची त्यांच्याशी थेट तुलना होणार नाही. पण एक लक्षात घ्या: अर्धपोटी असूनही त्यांना रोज दीड हजाराहून जास्त कॅलरी मिळत होत्या. तुमच्या अ‍ॅपमधल्या आकड्याहून जास्त! ही मुलं दिवसरात्र खाण्याचाच विचार करू लागली. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, ताटं चाटायची. प्रयोग संपल्यावर त्यांतल्या बऱ्याच जणांना पोट भरलं तरी थांबता येईना. प्रयोगाआधी त्यांच्या जिभेला लगाम नव्हता असं कुणी म्हटलेलं नाही.

भुकेमागचं रसायनशास्त्र आता बरंच उलगडलंय. चरबीच्या पेशींतून लेप्टिन नावाचं संप्रेरक स्रवतं, ते १९९४ मध्ये सापडलं; शरीरात साठा पुरेसा आहे हे ते मेंदूला कळवत राहतं. जठरातून येणारं घ्रेलिन १९९९ मध्ये सापडलं, ते भूक चाळवतं. वजन उतरलं की पहिलं घटतं आणि दुसरं वाढतं. म्हणजे सहा किलो कमी झालेल्या तुम्हाला आधीच्या तुमच्यापेक्षा जास्त भूक लागणं अगदी अपेक्षित आहे. त्यात हलक्या झालेल्या शरीराला रोज लागणारी ऊर्जाही थोडी कमी. काटा अडतो त्याचं एक कारण हे.

दुसरं कारण विचारू का? रात्रीचं पाकीट तुम्ही अ‍ॅपमध्ये नोंदवता का? पत्रात त्याचा उल्लेख नाही, आणि आवाज होऊ न देता उघडलेलं पाकीट कुणी नोंदवत असेल असं मला वाटत नाही. साध्या गोड बिस्किटांच्या शंभर ग्रॅममध्ये साडेचारशे ते पाचशे कॅलरी असतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुम्ही जे खाल्लंत त्याहून जास्त, तेही पाच-सात मिनिटांत आणि चव न कळता. अ‍ॅप म्हणतं १,२००, शरीराला मिळतं त्याहून बरंच जास्त, आणि तुमच्या वाट्याला उपाशी राहण्याचा त्रास तर पुरा येतो. यात फायदा कुणाचाच नाही.

आता साखर बंद करण्याचं. नका करू. म्हणजे, ज्यांना एकदम सोडून जमतं अशी माणसं आहेत, नाही असं नाही. त्यांनी खुशाल सोडावी. पण ती माणसं रात्री डब्याच्या तळाशी पाकीट लपवत नाहीत.

१९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थिनींवर एक गमतीशीर प्रयोग केला. चव सांगण्याच्या निमित्ताने त्यांच्यापुढे आइसक्रीम ठेवलं, हवं तेवढं खा म्हणाले. काहींना त्याआधी मिल्कशेक पाजला होता. ज्या एरवी खाण्यावर बंधन ठेवत नव्हत्या त्यांनी मिल्कशेकनंतर आइसक्रीम कमी खाल्लं. पोट भरलेलं, सरळ गोष्ट आहे. ज्या सतत वजनाच्या धास्तीने मोजूनमापून खायच्या त्यांनी मिल्कशेक पिऊन उलट जास्त खाल्लं. आजचा दिवस वाया गेलाच आहे, मग आता कशाला थांबायचं? तुमच्या दुसऱ्या बिस्किटापासून सहाव्या बिस्किटापर्यंतचा प्रवास याच वाटेने होतो. पहिलं भूक खाते, पुढची ‘आता बिघडलंच’ हे खातं. बंदी जितकी कडक, तितकं ते लवकर बिघडतं.

मग किती चालेल? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी: वरून घातलेली साखर, मध, फळांचे रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली असावी, पाच टक्क्यांखाली आली तर आणखी बरं. पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सपाट सहा चमचे. अख्ख्या फळातली आणि साध्या दुधातली साखर यात धरत नाहीत. म्हणजे रोज चॉकलेटच्या दोन-तीन वड्या किंवा केकचा लहानसा तुकडा खाऊनही तुम्ही या मर्यादेत राहू शकता, बाटलीबंद सरबतं आणि तयार सॉस यांतून छुपी साखर येत नसेल तर. आणि साखरेऐवजी गोडव्यासाठी मिळणाऱ्या बिनकॅलरीच्या गोळ्या-थेंबांकडे वळायचा विचार असेल, तर २०२३ मध्ये याच संघटनेने वजन ताब्यात ठेवण्यासाठी ते वापरू नयेत असा सल्ला दिलाय. आधीपासून मधुमेह असलेल्यांना तो सल्ला लागू नाही.

तेव्हा गोडाला जागा द्या. जागा म्हणजे अगदी शब्दशः: वेळ, बशी आणि खुर्ची. दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणानंतर लगेच, पोट भरलेलं असताना, दिवा लावून, सगळ्यांसमोर. आणि तुम्हाला खरोखर आवडतं तेच. रात्री तुम्ही खाता ती बिस्किटं तुम्हाला आवडतात का हो? की ती फक्त तिथे असतात? आवडत नसतील तर मुलांसाठी म्हणून आणलेली ती पाकिटं आणणंच थांबवा. मुलांचंही काही बिघडणार नाही. त्याऐवजी चांगलं चॉकलेट आणा. दोन वड्या तोडून बशीत घ्या, बाकीचं कपाटात ठेवून मगच बसा. वडी चावू नका, विरघळू द्या. पहिले काही दिवस दोनच्या चार होतील. होऊ देत. रोज मिळणार आहे याची खात्री पटायला मनाला वेळ लागतो, कारण तुम्ही त्याला बरीच वर्षं उलटं शिकवलंय.

गोड एका वेळी एकाच प्रकारचं घ्यायचं, एवढं मात्र पाळा. एकच चव खात गेलं की तिचा कंटाळा येतो, पण नवी चव समोर आली की भूक पुन्हा जागी होते. भरपेट जेवल्यावरही गोडाला पोटात जागा सापडते ती यामुळे. बिस्किट, मग चॉकलेट, मग आइसक्रीम अशी रांग लावली की तो कंटाळा कधी येतच नाही. आठवडाभर कडक पाळून एक दिवस सगळं मोकळं सोडायचं, या पद्धतीविषयी मी फार लिहीत नाही. तुमच्या रात्रीचीच ती मोठी आवृत्ती आहे.

आता ताटाकडे येते. ‘किती घ्यावं हे मला का कळत नाही?’ कुणालाच कळत नाही, तुमच्या नवऱ्यालाही नाही. बार्बरा रोल्स या आहारशास्त्रज्ञ बाईंनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात माणसांना वेगवेगळ्या दिवशी मॅकरोनी-चीजची वेगवेगळ्या आकारांची वाढणी दिली, ५०० ग्रॅमपासून एक किलोपर्यंत. सर्वांत मोठी वाढणी समोर आली तेव्हा माणसांनी सर्वांत छोट्या वाढणीपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त ऊर्जा पोटात घातली. पोट तेच, भूक तीच. आपण समोर असेल त्या मानाने खातो. त्यामुळे ताटावर बसल्यावर संयम दाखवायचा ही कल्पनाच मला चुकीची वाटते. ठरवायचं ते ताट भरताना, ओट्यापाशी, आणि मग पातेलं तिथेच ठेवून बसायला जायचं. टेबलावर पातेलं आणि डाव असला की हात आपसूक जातो. उठून जावं लागलं तर निदान कळतं तरी की आपण दुसऱ्यांदा घेतोय.

अर्धं ताट भाज्या, पाव ताट डाळ, कडधान्य, अंडी, मासे किंवा चिकन असं काहीतरी, उरलेल्या पावात भात किंवा इतर धान्य: एवढा ढोबळ आराखडा पुरे. वजनकाटा आणून ग्रॅम मोजायची गरज नाही. ज्यांच्या डोक्यात आधीच दिवसभर आकडे फिरतात त्यांनी तर मुळीच मोजू नये. दुसऱ्यांदा घ्यावंसं वाटलं तर घ्या, पण आधी दहा मिनिटं गप्पा मारा आणि मग भाजी-डाळीपासून सुरुवात करा. पोट भरल्याची वर्दी मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि तुम्ही भुकेच्या भरात तिच्या आधीच ताट संपवत असाल.

लहान ताटात जेवा, हा सल्ला तुम्ही वाचला असेलच. करून बघायला हरकत नाही, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. या विषयातले सर्वांत गाजलेले संशोधक ब्रायन वॉन्सिंक यांचे अनेक शोधनिबंध नंतर मागे घेतले गेले. त्यांनी संशोधनात गैरवर्तन केल्याचा निष्कर्ष २०१८ मध्ये त्यांच्याच कॉर्नेल विद्यापीठाने काढला. आणि उपाशी माणूस लहान ताट तीनदा भरतो, हे तुम्ही स्वतः अनुभवताय.

मुलांच्या ताटात उरलेलं हा स्वतंत्र मुद्दा आहे, आणि बहुतेक आयांचा आहे. टाकवत नाही हे खरं. पण ते तुमच्या पोटात गेलं म्हणून वाचलं असं होत नाही. मुलांना पहिल्यांदा कमी वाढा, लागलं तर मागतील. तरी उरलंच तर झाकणाचा डबा तयार ठेवा आणि ताट उचलताक्षणी त्यात काढून फ्रिजमध्ये. हे काम मुलांकडेच दिलंत तर आणखी बरं.

मात्र हे सगळं दिवस दुरुस्त झाल्यावरच चालेल, म्हणून तिथूनच सुरुवात करा. सकाळी कॉफीबरोबर पोटाला आधार देणारं काहीतरी हवं: दोन अंडी, किंवा उकडलेली कडधान्यं, किंवा दही आणि दाणे. दुपारच्या डब्यात कच्च्या भाज्या राहू द्या, पण त्यांच्या जोडीला मूठभर चणे किंवा पनीर आणि थोडं धान्य घाला. आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला, घरी निघायच्या आधी, एक फळ आणि मूठभर दाणे. या शेवटच्या खाण्याला तुम्ही सर्वांत जास्त नाही म्हणाल, आणि रात्रीच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचं आहे. पहिले दोन आठवडे बाकी काहीही बदललं नाहीत तरी चालेल.

शक्य तेवढं घरी शिजवलेलं खा, हे जुनं वाक्य आहे, पण आता त्याला चांगला पुरावा मिळालाय. केविन हॉल या अमेरिकेतल्या संशोधकाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २० जणांना महिनाभर संशोधन केंद्रातच ठेवलं: दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं अतिप्रक्रियायुक्त अन्न, दोन आठवडे साधं. समोर ठेवलेल्या अन्नातली साखर, चरबी, तंतू, कॅलरी दोन्हीकडे सारख्या, खायचं मात्र हवं तेवढं. तयार अन्नावर माणसांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि त्यांचं वजन वाढलं. साध्या अन्नावर उतरलं. कुणालाही संयम ठेवा म्हणून सांगितलं नव्हतं.

१,२०० चा आकडा बदलायला हवा, हे तर आलंच. नवा आकडा उंची, वजन, हालचाल बघून आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या. अ‍ॅपला ते विचारू नका. दिवसा खायला लागल्यावर पहिल्या आठवड्यात काटा किलोभर वर गेला तर घाबरून जाऊ नका. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात करतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. ते वजन चरबीचं नसतं. याच पाण्यामुळे सुरुवातीच्या आठवड्यात वजन भराभर उतरल्यासारखं वाटलं असेल.

एवढं करूनही काही रात्री स्वयंपाकघराकडे पाय वळतीलच. कारण ती सगळीच भूक नाही असं मला वाटतं. तुमच्या पत्रात मला एक गोष्ट दिसली, जी तुम्ही जाता जाता लिहिलीय: ‘सगळे झोपले की.’ अख्ख्या दिवसात कुणी काही मागत नाही, कुणी हाक मारत नाही असा तो एकच अर्धा तास. त्या अर्ध्या तासात तुम्ही स्वतःला काहीतरी देऊ पाहता आणि हाताला लागतं ते बिस्किट. ते काढून घेतलं आणि दुसरं काही ठेवलं नाही, तर ती वेळ रिकामी राहणार आणि पाकीट परत येणार. त्या अर्ध्या तासाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. गरम पाण्याने अंघोळ, मैत्रिणीला फोन, दार लावून नुसतं पडून राहणं. मालिका बघणार असाल तर बघा, फक्त स्वयंपाकघरापासून लांब बसून. इच्छेची उबळ येते, वाढते आणि बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत ओसरते. ती न ओसरता वाढतच जाते असं आपल्याला उगाच वाटत असतं.

नाही ओसरली तर खा. पण उभ्याने नाही, अंधारात नाही. दिवा लावा, बशीत काढा, बसा. पाकीट फाडायचा आवाज होऊ द्या.

त्याच्याही आधी झोपता आलं तर उत्तम. २००४ मधल्या एका छोट्या अभ्यासात निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, आणि गोड-खारट खाण्याची ओढ वाढली. अभ्यास फक्त १२ जणांचा आहे, तेव्हा आकडे फार घट्ट धरून ठेवू नका. पण अपुरी झोप झालेल्या दिवशी गोडाकडे हात जास्त जातो का, हे तुम्ही स्वतःच दोन आठवडे नोंदवून पाहा. पाळीच्या आधीचे दिवसही त्याच वहीत लिहा. त्या दिवसांत खावंसं वाटणं वाढतं, आणि ते आधी ठाऊक असलं की धक्का बसत नाही.

काही गोष्टींसाठी मात्र सदरातला सल्ला पुरत नाही. थोड्या वेळात खूप खाल्लं जाणं, मधे थांबताच न येणं, लपून खाणं आणि नंतर शरमेने खचून जाणं हे आठवड्यातून निदान एकदा, असं तीन महिने चाललं असेल, तर तो खाण्याचा विकार असू शकतो. त्यावर चांगले उपचार आहेत. तुमच्या पत्रातल्या काही खुणा त्या दिशेच्या आहेत, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना एकदा तरी भेटा असा माझा आग्रह आहे. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढत असाल तर उद्याच भेटा. स्टेरॉइड आणि मनोविकारांवरची काही औषधं भूक वाढवतात. अशी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, परस्पर बंद करू नका. आणि हे पत्र वाचणाऱ्या मधुमेहींसाठी: इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना अचानक घाम, थरथर आणि कडकडीत भूक आली, तर ती जिभेची चैन समजू नका. रक्तातली साखर उतरलेली असू शकते. तेव्हा आधी साखर तोंडात टाका.

राहिला नवरा. ‘तुला हे चालतं का?’ हा प्रश्न ते काळजीपोटीही विचारत असतील, पण त्याचा परिणाम एकच होतो: तुम्ही त्यांच्यासमोर खायचं थांबता आणि मागे खाता. हे त्यांना भांडणाच्या वेळी सांगू नका, सुटीच्या दिवशी निवांत असताना सांगा. ‘मी आता रोज जेवणानंतर थोडं गोड खाणार आहे, सगळ्यांसमोर. त्यावर काही बोलायचं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही.’ एवढंच. आणि मदत करायचीच असेल तर संध्याकाळी सहाला ‘काही खाल्लंस का?’ असा फोन करायला सांगा.